वरच्या मजल्यावरची खोली

परदेशगमन ही आता आपल्या समाजात नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बडोद्यात दांडिया बाजारापासून नव्या वसाहतींपर्यंत कोणत्याही मराठी घरी जावे, एखादा मुलगा, एखादी भाची, एखादी सून समुद्रापलीकडे असतेच. तरीही २०२४ साली आमची नात जर्मनीस जावयास निघाली, तेव्हा तिच्या जाण्याची रीत मला नवी वाटली. ती नोकरीसाठी जात नव्हती, विवाह होऊन जात नव्हती, की संपूर्ण पदवी तेथे घेण्यासाठीही जात नव्हती. तिचे नाव इकडच्या विद्यापीठाच्या पटावर कायम राहणार होते. दोन विद्यापीठांच्या आपसांतील करारानुसार इकडच्या एकीने एका सत्रापुरते तिकडे जाऊन शिकायचे आणि तिकडच्या कोणीतरी इकडे यायचे. याला विद्यार्थ्यांची देवाणघेवाण असे म्हणतात.

आमच्या घरी चार महिने जी धांदल चालली होती ती सारी देवाणीची होती. घेवाणीचा विचार मला फार उशिरा सुचला, आणि तोही एका जुन्या, बोचणाऱ्या आठवणीच्या निमित्ताने. ती आठवण सांगण्यापूर्वी तयारीविषयी चार गोष्टी सांगते. ज्यांच्या घरी असा प्रसंग उद्या यायचा आहे, त्या आयांना आणि आज्यांना त्या उपयोगी पडाव्यात.

कागदांची चळत

नातीला मिळालेले गाव ट्युबिंगेन. नैर्ऋत्य जर्मनीत नेकार नदीच्या काठी वसलेले हे लहानसे गाव आपल्या विद्यापीठासाठीच प्रसिद्ध आहे. विद्यापीठाची स्थापना १४७७ सालची. संस्कृतच्या अभ्यासकांना हे नाव अपरिचित नसावे. ब्योटलिंक यांच्यासह सात खंडांचा प्रचंड संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात सिद्ध करणारे रुडॉल्फ रोट येथेच प्राध्यापक होते. ज्या गावाने आपली भाषा इतक्या आस्थेने अभ्यासली, तेथे आपली मुलगी परकी कशी ठरेल, अशी मी मनाची समजूत घातली. परंतु समजुतीने व्हिसा मिळत नाही. त्याला कागद लागतात.

पहिला कागद अभ्यासाचा. तिकडे कोणते विषय शिकणार आणि त्यांचे गुण इकडे कसे धरले जाणार, हे निघण्यापूर्वीच लेखी ठरवावे लागते. विद्यार्थिनी, तिचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या त्यावर असतात. युरोपात एका सत्राचे साधारण ३० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. हा करार नीट वाचून न घेतल्यास परत आल्यावर सत्र फुकट गेल्याचे लक्षात येते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरा कागद पैशाचा. शिष्यवृत्ती नसेल तर तेथील खर्च आपण भागवू शकतो याचा पुरावा जर्मन वकिलातीस द्यावा लागतो. नात निघाली तेव्हा दरमहा ९३४ युरोंचा हिशेब होता. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो ९९२ युरोंवर गेला. बहुतेक जण ही रक्कम एका बंद खात्यात आगाऊ भरतात व तेथे पोचल्यावर दरमहा ठरावीक हप्त्याने काढतात. तिसरा कागद आरोग्यविम्याचा. त्यावाचून विद्यापीठात नाव दाखल होत नाही. याशिवाय घरटी दरमहा १८ युरो ३६ सेंट अशी आकाशवाणी-दूरदर्शनची वर्गणी असते. घरात दूरदर्शन संच असो वा नसो, ती भरावीच लागते; चार जणी एकत्र राहत असतील तर चौघींत वाटून घेता येते.

या साऱ्या कागदांच्या मुळाशी मात्र एक निराळाच कागद आहे, हे आम्हांला मागाहून उमगले. त्याविषयी पुढे येईलच.

पेटीत काय मावते?

आमच्या सूनबाईंनी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांच्या पुड्या बांधल्या. मी भाकरवडी आणि बडोद्याचा लिलो चेवडा आणवला. साजूक तुपाची बरणी तर मी प्रथमच बाजूला काढून ठेवली होती. तेव्हा नातीने नियम वाचून दाखविला. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. म्हणजे तूप गेले, पेढे गेले, श्रीखंडाच्या वड्या गेल्या. ताजा भाजीपाला आणि फळेही प्रमाणपत्रावाचून चालत नाहीत, म्हणून कढीलिंब आणि लिंबेही गेली. या नियमाला अपवाद अवघ्या पाच फळांचा: अननस, केळे, खजूर, दुरियन आणि नारळ. नारळाला परवानगी आहे हे ऐकून मला उगाचच बरे वाटले. ओटीत घालावयाला तेवढे तरी एक फळ जर्मन सरकारने ठेवले म्हणायचे!

या निमित्ताने मला आनंदीबाई जोशी यांची आठवण झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. आपला आहार आणि आपला वेश सोडायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. तो त्यांनी पाळला. मात्र तिकडच्या थंडीत नऊवारी नेसणे अंगावर येऊ लागले, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. निश्चय कोठे ठेवायचा आणि नेसण कोठे बदलायचे, याचा विवेक त्या कोवळ्या वयात त्यांना होता. नातीला मी हेच सांगितले. तिने चार सुती पोशाख पेटीतून काढले आणि त्यांच्या जागी लोकरीचे मोजे भरले. जाड कोट तिकडेच घ्यावा, हा तिच्या आधी गेलेल्या मुलींचा सल्ला तिने मानला. इकडे मिळणारा कोट तिकडच्या जानेवारीला पुरत नाही.

राहणीची उजळणी

पेटीपेक्षा सवयींची तयारी अवघड असते. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, वर्ग त्या महिन्याच्या मध्यास भरू लागतात, आणि तेव्हापासून दिवस भराभर लहान होत जातो. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडते व दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या अंधारात घरची आठवण अधिक येते, असे ज्या मुली राहून आल्या त्या सर्व सांगतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे घेतात. म्हणजे आपल्यातील व त्यांच्यातील अंतर साडेतीन तासांऐवजी साडेचार तासांचे होते. फोनची वेळ ठरविताना हे ध्यानात ठेवावे. नाहीतर इकडे आजी जागत बसते आणि तिकडे नात वर्गात असते.

वेळापत्रकात दहाचा वर्ग लिहिलेला असला तरी अनेक वर्ग सव्वादहालाच सुरू होतात. ही पाव तासाची सवलत तेथील विद्यापीठांची जुनी परंपरा आहे. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी टाळ्या वाजवीत नाहीत, बोटांच्या सांध्यांनी बाकावर टकटक करतात. परीक्षेत १ हा सर्वांत उत्तम गुण, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५ म्हणजे नापास. माझ्यासारख्या जुन्या शिक्षिकेला हे उलटे गणित पचविण्यास दोन दिवस लागले. रविवारी बहुतेक सारी दुकाने बंद असतात, तेव्हा दूध-पाव शनिवारीच आणून ठेवावा लागतो. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. झोपण्याच्या प्रत्येक खोलीत धूर ओळखणारे यंत्र छताला बसविलेले असते. मोहरी-हिंगाची फोडणी जरा जास्त तापली, की ते किंचाळू लागते. आणि मोठ्या वसतिगृहात बंबवाले धावून आले तर त्यांचा खर्चही अंगावर पडू शकतो. त्यामुळे नातीने महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात मंद आचेवर, झाकण ठेवून फोडणी करण्याचा सराव केला. त्या महिन्यात आमटीची चव थोडी उतरली, पण कोणी तक्रार केली नाही.

खोली हवी आहे

आता त्या मूळच्या कागदाविषयी. जर्मनीत राहावयास आलेल्या प्रत्येकाने घरात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गावच्या कचेरीत आपला पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो: ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरी राहते. हा दाखला नसेल तर पत्त्याची नोंद नाही. नोंद नसेल तर पुढे वास्तव्याचा परवाना अडतो आणि बँकेचे कामही रखडते. तात्पर्य, सारी इमारत एका खोलीवर उभी असते.

आणि खोलीच मिळेना. विद्यार्थी वसतिगृहांची यादी लांबलचक होती. विद्यार्थी मिळून जी घरे भाड्याने घेतात, तेथे राहणारी मुले नव्या उमेदवाराची मुलाखत घेऊन निवड करतात. नात रात्री जेवण उरकून संगणकासमोर बसे, जर्मन भाषेत स्वतःची ओळख करून देई, आणि दोन दिवसांनी नम्र नकार येई. कोणी स्वयंपाकाच्या वासाबद्दल विचारले, कोणी सहा महिन्यांसाठी नको म्हणाले, बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. असे सतरा नकार झाले.

श्रावणातली एक संध्याकाळ होती. मी मेथी निवडीत बसले होते. नात खाली आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"आजी, आज पुन्हा नाही आले. खोली दिली गेली म्हणाले."

"गेली असेल गं. दुसरी मिळेल," मी म्हणाले.

"जाहिरात अजून तशीच आहे, आजी. मी आत्ताच पाहिली."

माझा हात थांबला. हे वाक्य मी पूर्वी ऐकले नव्हते. पण पाहिले होते.

एक पाटी आणि एक छत्री

१९९१ सालचा पावसाळा. धाकटे दीर बदलीच्या गावी गेल्यामुळे आमची वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली होती आणि फाटकावर आम्ही गुजरातीत पाटी लावली होती: खोली भाड्याने देणे आहे. एका दुपारी एक तरुण फाटकाशी आला. तो पूर्व आफ्रिकेतील एका देशातून येथे शिकावयास आलेला होता. अंगात पांढरा स्वच्छ सदरा, हातात मिटलेली छत्री, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होते. "रूम छे?" त्याने शिकून घेतलेले ते दोन शब्द होते. कोणत्याही अडचणीत तो नव्हता, भाडे देण्यास तयार होता, शिकत होता.

मी म्हणाले, खोली दिली गेली.

त्याने पाटीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. काही बोलला नाही. मान किंचित लववून तो वळला आणि जाताना फाटकाची कडी आठवणीने लावून गेला. आमचे हे घरी नव्हते, सासूबाई झोपल्या होत्या. त्या नकाराचे ओझे दुसऱ्या कोणावर टाकण्याची सोय मला नाही. लोक काय म्हणतील, त्याचे खाणेपिणे कसे असेल, घरात मुली वाढत्या आहेत, अशी कारणे मी नंतर जुळविली. त्या क्षणी मात्र मी केवळ त्याचा वर्ण पाहिला होता.

नातीला मी हे त्या संध्याकाळी सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर तिने एवढेच विचारले, "मग तो कुठे राहिला असेल, आजी?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

या गावचा जुना धडा

बडोदेकरांना या बाबतीत अज्ञानाची सबब सांगता येत नाही. मुलांना शिकण्यासाठी परदेशी पाठविण्याची परंपरा या नगरीने सयाजीराव महाराजांच्या काळापासून अभिमानाने मिरविली. महाराजांनी १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तेथे त्यांना विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली आणि नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासारखा जिवाभावाचा मित्रही मिळाला. करार असा होता, की परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची सेवा करावयाची. ती करण्यासाठी १९१७ साली ते येथे आले. ज्या संस्थानाने त्यांना साता समुद्रांपलीकडे पाठविले, त्याच्याच राजधानीत त्यांना डोके टेकावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात ते दुसऱ्या नावाने राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ओळखीच्यांनीही घरात घेतले नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. पुढे या अनुभवाचे कथन त्यांनी स्वतः लिहून ठेवले. ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध आहे. व्हिसाची वाट पाहणे, हे नाव आपल्याच देशातील अनुभवांना त्या लेखनावर पडावे, यातच सारे आले.

आपण फिरावयास जातो त्याच बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. मी शाळेतल्या मुलांना तेथे कितीदा नेले असेन. धडा शिकवून मी घरी आले आणि फाटकावरच्या पाटीखाली खोटे बोलले.

याच्या उलट बाजूला मला कार्पेंटरबाई दिसतात. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या या बाईंनी आनंदीबाईंना कधी पाहिलेही नव्हते. गोपाळराव जोशी यांचे छापून आलेले पत्र त्यांच्या वाचनात आले, त्यांनी होऊन पत्र लिहिले, आणि पुढे १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई पोचल्या तेव्हा त्यांच्यासाठी घराचे दार उघडे ठेवले. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी निवर्तल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. त्यांनी त्या पोकीप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. एका परक्या मुलीला त्यांनी घरात जागा दिली आणि मागाहून कुळाच्या मातीतही दिली. आनंदीबाईंच्या धैर्याची आपण योग्य ती थोरवी गातो. त्या धैर्याला जिने खोली दिली तिचे नाव आपल्यातील कितींना ठाऊक असते?

केर कोणी काढायचा?

नातीला अखेर खोली मिळाली. भाद्रपद लागता लागता ट्युबिंगेनच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले. बाई एकट्या, घर मोठे, वरची एक खोली रिकामी. संगणकावरच्या भेटीत त्यांनी फोडणीबद्दल विचारले नाही, धर्माबद्दल विचारले नाही. त्यांचा एकच प्रश्न होता: केरवोखे पाळशील ना? नातीला हसू आवरेना. तिकडच्या प्रांतात जिने, ओटा आणि घरापुढचा रस्ता आळीपाळीने झाडण्याची जुनी चाल आहे. ज्याची पाळी असते त्याने आठवडाभर झाडलोट करायची. झाडण्याला त्यांच्या भाषेत 'केरन्' म्हणतात. हे साम्य योगायोगाचेच असावे. पण आमच्या नातीने "आमच्याकडेही केरच म्हणतात" असे सांगताच त्या बाई इतक्या खूश झाल्या, की दाखल्यावर सही करून त्यांनी त्याच दिवशी तो पाठवून दिला.

नात गेली. तिला निरोप देऊन आलो त्या रात्री मी मुलाला म्हणाले, "वरची खोली उघडायची." तो म्हणाला, "आई, आता या वयात भाडेकरूंची कटकट कशाला?" मी त्याला १९९१ ची गोष्ट सांगितली. त्याने ती पूर्वी ऐकली नव्हती. दुसऱ्या रविवारी तो स्वतः चुन्याची बादली घेऊन वर चढला.

विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीस मी पत्र लिहिले. परदेशी व्यक्ती राहावयास आली, की चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावे लागते. तो अर्ज संगणकावर भरता येतो आणि पहिल्या खेपेस मुलाने तो अर्ध्या तासात भरला. संक्रांतीच्या आधी एक मुलगी राहावयास आली, ती पूर्व आफ्रिकेतूनच. तिने पहिल्या दिवशी मला विचारले, फाटक किती वाजता लावता, गरम पाणी कधी मिळते, केर कोठे टाकायचा. हेच प्रश्न घेऊन आमची नात तिकडे एका परक्या जिन्यावर उभी राहिली होती. मी तिला तिळगूळ दिला आणि किल्ली दिली. छत्री घेऊन आलेल्या त्या तरुणाला मात्र आता काही देता येणार नाही.

वाचक भगिनींनो, मूल परदेशी निघाले म्हणजे आपण याद्या करतो. कोट, औषधे, मसाले, विमा. त्या याद्या अवश्य कराव्यात. त्यांच्या शेवटी आणखी एक ओळ लिहावी, अशी माझी विनंती आहे. ज्या घरातून एक मूल शिकावयास बाहेर गेले, त्या घरात बहुधा एक खोली रिकामी झालेली असते. आपल्या गावात त्याच वेळी कोणाचे तरी मूल खोली शोधीत असते.